काउंटरवरचा वर्ग

ममता आडे घाटंजीजवळच्या तांड्यात सून म्हणून आली, तेव्हा तिच्या पेटीत डी.एड.चं प्रमाणपत्र होतं. वर्षा-दोन वर्षांत आपण कुठल्या तरी शाळेत फळ्यापुढे उभ्या असू, याची तिला खात्री होती. भरतीची वाट पाहता पाहता तिची स्वतःची मुलगी शाळेत जाण्याएवढी झाली. शेवटी शाळाच घरात आली. घाटंजीतलं एक सायबर कॅफे बंद पडत होतं, तिथून तिच्या नवऱ्यानं, संजयनं, एक जुना कॉम्प्युटर आणला आणि ममता पुण्यातल्या एका कंपनीसाठी तिसरी-चौथीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवू लागली.

तांड्यात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त टेकडीवरच्या टाकीपाशी. त्यामुळे घाटंजीच्या गोविंदाभाऊनं नाल्यावरून तार ओढून तांड्यात नेट आणलं, तेव्हा पहिलं कनेक्शन ममतानं घेतलं. तिच्या मागोमाग समोरच्या लालीबाईनं घेतलं, मग बऱ्याच घरांनी. संध्याकाळी घराघरांतून मालिकांचे आवाज यायचे आणि आडेंच्या घरातून पाढ्यांचे.

कटकट पावसाळ्यात सुरू झाली. लाइट जाऊन परत आली की कॉम्प्युटर नीट चालू व्हायचा, पण वर्गाचं पान उघडायचं नाही. हे कनेक्शन सुरक्षित नाही, असं काहीतरी पडद्यावर यायचं. ममता कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायची, टेकडीवर जाऊन गोविंदाभाऊला फोन करायची, तो म्हणायचा, ‘इकडून सगळं ओके हाय.’ कधी तासाभरानं पान आपोआप उघडायचं, कधी कंटाळून ती नाद सोडायची.

एके दिवशी तिनं चिडून ती सूचना शेवटपर्यंत वाचली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. तिनं कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती स्वतः शाळेत असतानाच्या एका वर्षातली एक जानेवारी होती.

“अहो, इकडं या,” तिनं संजयला हाक मारली. “आपला कॉम्प्युटर अजून जुन्या साली बसला आहे.”

घरात सगळे गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत, इथं ते मराठीत सांगतो आहे. संजयला आधी काही समजलं नाही. ममतानं त्याला समजावलं. प्रत्येक साइट आपली ओळख दाखवायला एक दाखला पुढे करते, त्या दाखल्यावर तारीख असते. कॉम्प्युटरच्या मते ती तारीख अजून उजाडलेलीच नाही, मग तो दाखला खोटा समजतो आणि दार लावून घेतो. संजयनं डबा उघडला. आत गोल बटणासारखा एक सेल होता, लाइट नसताना घड्याळ चालू ठेवणारा. तो मेला होता. घड्याळाच्या दुकानातून तसाच नवा सेल आणून बसवला, तारीख लावली आणि तो आजार संपला.

ममता मनाची सरळ. तिनं आपणहून गोविंदाभाऊला फोन केला. “भाऊ, तुमची तार बरोबर होती. आमच्याच कॉम्प्युटरमंधी दोष होता. उगाच तुम्हाले तरास दिला.”

“असू द्या वहिनी, असू द्या,” तो म्हणाला.

पुढं या सरळपणाचा त्यानं ढालीसारखा वापर केला.

कापसाची वेचणी सुरू झाली आणि दुसराच त्रास लागला. आता तारीख बरोबर होती, पानही उघडायचं, पण अर्धं. वरची पट्टी यायची, खालची चित्रं यायची नाहीत. वर्ग चालू असताना मुलांचे चेहरे पडद्यावर गोठायचे. एखाद्याचा हात वर गेलेला तसाच वर राहायचा, आणि मधोमध एक गोल फिरत बसायचा. पलीकडून मुलं ‘टीचर, टीचर’ म्हणत असणार, हे तिला कळत होतं, ऐकू मात्र येत नव्हतं. वारा सुटला की हमखास. वारा नसला तरी कधीही.

वर्गांवर देखरेख करणाऱ्या दीपमाला मॅडमचा पुण्याहून नेटवरूनच फोन आला. “ममताताई, तुम्ही शिकवता छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्ग मधेच तुटतो. पालक पैसे भरतात हो. असंच चाललं तर बॅच दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.”

“सॉरी मॅडम,” ममता म्हणाली. मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होती.

त्या दिवसापासून ती या दुखण्याच्या मागेच लागली. ब्राउझरमध्ये साचलेला जुना कचरा काढून टाकला. काही फरक नाही. दुसरं ब्राउझर घातलं. तेही तिथंच अडकलं. हवेतून येणारं नेट कमी पडत असेल म्हणून राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत सरळ वायर जोडली. नाही. राउटर फ्रिजवर होता, तो उचलून खिडकीत मांडला. नाही. मग एका दुपारी ती नुसती राउटरकडे बघत बसली. त्यावरचा हिरवा दिवा अचानक लाल झाला, थोडा वेळ लुकलुकला, परत हिरवा झाला. तेवढ्यातच पडद्यावरचा गोल फिरून गेला होता.

ती उठून दारात आली. समोर लालीबाईच्या घरात टीव्ही चालू होता, तोही याच तारेवर.

“लालीबाई, आत्ता तुझी मालिका अडकली होती का?”

“अडकली नं! सासू आता सुनेच्या थोबाडीत मारणार, तेवढ्यात अडकली.”

“आता पुन्हा दिवा लाल झाला की मी ओरडते. तू सांग.”

ती सगळी दुपार तांड्यानं हा खेळ पाहिला. ममता घरातून ओरडायची, ‘गेलं का?’ आणि समोरून लालीबाई ओरडायची, ‘गेलं!’ थोड्या वेळानं पलीकडच्या घरांतूनही ‘गेलं’, ‘आमचंही गेलं’ असे आवाज यायला लागले. सगळ्यांचं एकदम जात होतं, एकदम येत होतं. म्हणजे दोष कुणाच्याच घरात नव्हता. तो तांड्याच्या बाहेर, येणाऱ्या तारेवर कुठंतरी होता.

तिनं टेकडीवर जाऊन फोन लावला.

“गोविंदाभाऊ, नेट पुऱ्या तांड्याचं जाऊन राह्यलं. राउटरवर लाल दिवा लागते. तुमची तार कुठंतरी खराब हाय, माणूस धाडा.”

“वहिनी, तुमच्या कॉम्प्युटरचंच काहीतरी असन. तुम्हीच त सांगतलं होतं मांगं, का आमच्याच कॉम्प्युटरमंधी दोष हाय म्हणून.”

“थो दोष निघाला. हा दुसरा हाय. लालीबाईचा टीव्ही बी अडकते, तिच्या टीव्हीत माहा कॉम्प्युटर घुसला काय?”

गोविंदाभाऊ हसला. “नवा लॅपटॉप घ्या, मंग पाहा. अन् खरं सांगू का, तांड्यात असंच चालते, वहिनी. तेवढं चालून राह्यलं हेच लय हाय. शहरावाणी थोडीच चालन?”

ममतानं फोन बंद केला. टाकीपाशी वारा सुटला होता. खाली घरं दिसत होती आणि नाल्याच्या बाजूनं येणारी ती काळी तार दिसत होती, खांबामागून खांब. तांड्यात असंच चालते. हे वाक्य तिनं याआधी किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं! रस्ता, नळ, शाळेतला मास्तर, सगळ्यांच्या बाबतीत. ऐकून गप्प बसायचं, ही सवय अंगवळणी पडली होती. आज मात्र ते ऐकून ती टेकडीवरून तडक खाली उतरली.

घरी येऊन ती संजयला म्हणाली, “येत्या बाजाराच्या दिवशी तुमची गाडी रिकामी ठेवा. कॉम्प्युटर घाटंजीला न्यायचा आहे.”

“दुरुस्तीला?”

“नाही. गोविंदाभाऊच्या दुकानात. तो म्हणतो ना, कॉम्प्युटर खराब आहे? मग त्याच्या दुकानात, त्याच्या तारेवर लावून दाखवते.”

संजय लहान मालगाडी चालवायचा. वेचणीच्या दिवसांत कापसाची, नाहीतर कुणाचं सामान, असं काही ना काही वाहून न्यायचा. स्वभावानं सबुरीचा. “भांडण कशाला ओढवून घेतेस? अख्ख्या तालुक्यात एवढा एकच तारवाला आहे. त्यानं तारच कापली तर?”

“आता तरी कुठं धड चालते आहे? तुटलेलं तो आणखी काय तोडणार?”

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई, जमनीबाई, इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मीपण येते.”

“याडी, तू कशाला?” संजय म्हणाला. आईला तो याडीच म्हणायचा.

“आपले लोक बैलांवर मिठाची पोती लादून मुलखाच्या मुलूख चालले. आणि तुला एवढं डबडं गाडीत ठेवायचं जड झालं? मी मांडीवर धरून बसते.”

बाजाराच्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा, पडदा, कॅमेरा, कीबोर्ड, राउटर, सगळ्या वायरी, सगळं गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवलं. ममतानं बाजाराचा दिवस मुद्दाम निवडला होता. गावोगावचे लोक त्या दिवशी घाटंजीत येत, आणि रिचार्जसाठी, तक्रारींसाठी गोविंदाच्या दुकानात गर्दी होई. शिवाय पुण्याच्या शाळांना त्या दिवशी सुट्टी होती आणि तिचा वर्ग सकाळचाच होता.

दुकानात शिरल्या शिरल्या तिनं काउंटरवरची झेंडूच्या फुलांची ताटली एका बाजूला सरकवली आणि पडदा मांडला.

गोविंदाभाऊ उठून उभा राहिला. “हे काय वहिनी? इथं आम्ही रिपेरिंग नाई करत.”

“रिपेरिंग नाई करायचं भाऊ. तुम्ही म्हणता कॉम्प्युटर खराब हाय. हाच थो कॉम्प्युटर. हाच राउटर. वायरी बी त्याच. फक्त तार तुमची, दुकानातली. लावा.”

“आता गर्दीत कुठं…”

“मी लावते. तुम्ही फक्त तार द्या.”

दुकानातले लोक वळून पाहायला लागले होते. जमनीबाई काचेच्या बांगड्या खळाखळा वाजवत आत आल्या, गोविंदाची फिरती खुर्ची ओढली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. आता त्याला बसायलाही जागा राहिली नाही. लाइन दुरुस्त करणारा धम्मरत्न मागच्या खोलीतून बाहेर आला होता. त्यानं मालकाकडे एकदा पाहिलं, आणि दुकानातली तार ममताच्या राउटरला जोडली. हिरवा दिवा लागला.

ममतानं पान उघडलं. क्षणात उघडलं, चित्रांसकट. दुसरं उघडलं, तेही. तिनं मागं वळून लोकांकडे पाहिलं, मग गोविंदाकडे.

“खराब हाय का कॉम्प्युटर?”

“आता चालून राह्यला… कधी कधी चालते तसा,” तो म्हणाला.

“मंग जास्त वेळ चालवून पाहू. माह्या वर्गाची वेळ झाली.”

आणि तिनं खरोखरच वर्ग सुरू केला. गोविंदाला वाटलं होतं ही नुसती धमकी असेल. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला, पुण्या-मुंबईच्या घरांतली मुलं दिसायला लागली. अपूर्णांकांचा धडा होता. ममतानं दुकानातला एक जुना जाहिरातीचा कागद उचलला, अर्धा दुमडला, पुन्हा दुमडला, कॅमेऱ्यापुढे धरला. “किती भाग झाले?” मुलं ओरडली. रिचार्जला आलेला एक म्हातारा हळूच ‘चार’ म्हणाला आणि स्वतःच हसला.

नयन नावाचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, “टीचर, आज तुम्ही कुठं आहात? तुमच्या मागे खूप माणसं दिसतायत.”

“मी आज एका दुकानात आहे.”

“ते उभे आहेत ते कोण? मिशीवाले?”

ममतानं मागं पाहिलं. गोविंदाभाऊ कॅमेऱ्यातून बाजूला व्हायला निघाला होता, पण खुर्चीत जमनीबाई होत्या आणि पलीकडे भिंत.

“ते गोविंदाकाका. आपल्या वर्गाचं नेट ज्यांच्या तारेवरून येतं ना, ते.”

“म्हणजे वर्ग सारखा बंद पडतो, तो यांच्यामुळे?” मैत्रेयी नावाच्या मुलीनं विचारलं. लहान मुलं असं सरळ विचारतात.

दुकानात कुणीतरी खो खो हसलं. ममता हसली नाही. “मला वाटतं हो. पण तेच सांगतील. काका, मुलांनी विचारलं आहे.”

गोविंदाभाऊनं मिशीवरून हात फिरवला. मग तो पडद्याकडे पाहून, शहरातल्या पोरांशी बोलायचं म्हणून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, “बेटा, थोडा प्रॉब्लेम आहे. आम्ही पाहून राह्यलो.”

“कधीपासून?” मैत्रेयीनं विचारलं.

वर्ग शेवटपर्यंत चालला, एकदाही न अडकता. मुलांनी हात हलवून निरोप घेतला. ममतानं पडदा बंद केला, पण वायरी काढल्या नाहीत.

“झालं नं वहिनी? आता न्या सामान. मी पाहतो दोन-चार दिवसांत.”

“सामान इथंच राहीन भाऊ. तांड्यातला लाल दिवा बंद झाला, असा लालीबाईचा फोन आला का घेऊन जाईन. तोवर माहे सगळे वर्ग इथूनच. संध्याकाळी आणखी एक हाय.”

“हे दुकान हाय माहं!”

“अन् ते घर हाय माहं. तिथं पैसे घेता नं तुम्ही? दर महिन्याले घेता. मंग तिथं तांडा हाय म्हणून कमी घेता का?”

रिचार्जसाठी रांगेत असलेली एक बाई म्हणाली, “आमच्या गावातबी असंच होऊन राह्यलं बाप्पा. मले बी म्हणे, टीव्ही बदला.” तिच्या मागचा माणूस म्हणाला, “अन् मले म्हणे, मोबाइल बदला.”

धम्मरत्न इतका वेळ दारापाशी उभा होता. तो म्हणाला, “मालक, नाल्याजवळच्या खांबावरची पेटी हाय थे. मी सांगतलं होतं तुम्हाले. झाकण नाई तिले. आतमंधी पाणी गेलं, जोड सुटून राह्यले. मी प्लास्टिकची पन्नी गुंडाळून आलतो पावसात. तात्पुरती.”

“तू गप राह्य.”

“गप राहून दर खेपेले शिव्या मीच खातो नं. खांबावर तुम्ही नाई चढत.”

गोविंदाभाऊ लाल झाला. तो ममताला काही बोलू शकत नव्हता म्हणून धम्मरत्नवर उखडला, पेट्या बाजारात मिळत नाहीत म्हणाला, घाटंजीतल्या नव्या लेआउटच्या वस्तीला आधी द्याव्या लागल्या म्हणाला. बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. तो थांबला. रांगेतली माणसं त्याच्याकडे पाहत होती. शेवटी त्यानं मागच्या खोलीत जाऊन एक नवी पेटी आणली आणि धम्मरत्नपुढं आदळली.

“जा. बसव जाऊन.”

“गाडी बाहेर उभीच हाय,” संजय म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता. “चल बावा, शिडी घे.”

ते दोघं गेले. ममता आणि जमनीबाई दुकानातच थांबल्या. जमनीबाईंनी पदराला बांधून आणलेल्या शेंगा काढल्या आणि एक मूठ गोविंदाभाऊपुढंही केली. त्यानं घेतल्या नाहीत. थोड्या वेळानं घेतल्या.

दुपार कलली तेव्हा धम्मरत्नचा फोन आला. जुनी पेटी उघडली तर आत मुंग्यांनी घर केलं होतं, आणि वारा आला की तारेचा जोड हलत होता, म्हणाला. नवी बसवली, जोड पक्के केले. पाठोपाठ लालीबाई टेकडीवर चढून फोनवर ओरडत बोलली, “ममता, मालिका सुरू झाल्यापासून एकदा बी नाही अडकली! पण सुनेनं उलट हात उचलला नाही गं, नुसती रडली.”

“रडू दे तिला. आम्ही येतो,” ममता म्हणाली.

तिनं एकेक वायर काढली, गुंडाळली. निघताना गोविंदाभाऊला म्हणाली, “भाऊ, चांगलं चाललं त चांगलं सांगीन. चार घरी सांगीन. मांगं दोष माहा होता, तवा मीच फोन केलता का नाई?”

त्यानं मान हलवली, ती होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

संध्याकाळी ममता घरी राउटर खिडकीत मांडून वर्गाची तयारी करत होती, तेवढ्यात तिच्या कॉम्प्युटरवरच दीपमाला मॅडमचा कॉल आला. चेहरा स्वच्छ दिसत होता, आवाजही स्वच्छ.

“ममताताई, एका पालकांनी तक्रार केली आहे. सकाळचा वर्ग तुम्ही दुकानातून घेतला, गर्दीतून. आणि मुलांसमोर कुणाशी तरी वाद घातला. कंपनीची एक शिस्त असते. तुम्ही पालकांची माफी मागावी असं मला वाटतं.”

ममतानं थोडा विचार केला. पूर्वी तिच्या तोंडून सॉरी आपोआप यायचं.

“मॅडम, वर्ग तुटायचा तेव्हा मी दर वेळी माफी मागितली. तेव्हा चूक माझी नव्हती, तरी मागितली. आज वर्ग पूर्ण झाला, मुलांना अपूर्णांक समजले. आज मी माफी मागणार नाही.”

“मग आज सकाळची ती शनिवारची बॅच मला दुसऱ्या टीचरना द्यावी लागेल.”

“द्या. ज्यांना द्याल त्यांना सांगा, नयनला पाव आणि पाऊण यांत गोंधळ होतो. त्याला कागद दुमडून दाखवावा लागतो.”

पलीकडे मॅडमनी समोरच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आत्ताची बॅच तुमचीच आहे. मुलं वाट बघतायत.”

कॉल संपला. शनिवारची बॅच गेली ती गेलीच, पुढचे कित्येक महिने परत आली नाही, आणि ममताला त्याचं वाईट वाटत राहिलं. पण त्या संध्याकाळी तिनं पदर खोचला, खुर्ची पुढं ओढली आणि बटण दाबलं. एकामागून एक चौकोन उघडले, एकेक चेहरा हलू-बोलू लागला.

“चला,” ती म्हणाली, “सगळ्यांनी एकेक कागद हातात घ्या.”